फोर्कलिफ्टची सुरक्षा तपासणी आणि चालकाच्या कौशल्याची परीक्षा

न्हावा शेवा बंदरातील कंटेनर भरणाऱ्या गोदामांपासून भिवंडीच्या वखारींपर्यंत आणि चाकणच्या वाहन कारखान्यांपासून नाशिक, छत्रपती संभाजीनगर मार्गावरील छोट्या उद्योगांपर्यंत जड माल हलविण्याचे काम आज फोर्कलिफ्ट करते. पूर्वी ज्या कामाला आठ-दहा हमाल लागत, ते एक चालक काही मिनिटांत उरकतो. मात्र याच यंत्राने दरवर्षी अनेक कामगारांचे प्राणही घेतले आहेत. यंत्र निर्दोष आहे काय आणि ते चालविणारा माणूस त्या कामास लायक आहे काय, या दोन प्रश्नांची उत्तरे कोणी, केव्हा आणि कशी तपासावीत, याची ही माहिती.

यंत्राची घडण

पुढच्या बाजूस दोन पोलादी दांडे म्हणजे फोर्क, ते वर-खाली नेणारा मास्ट, साखळ्या, हायड्रॉलिक सिलिंडर आणि मागच्या बाजूस ओतीव लोखंडाचे प्रतिभार, अशी या यंत्राची साधारण रचना असते. अमेरिकेतील क्लार्क कंपनीने १९१७ मध्ये माल वाहणारी स्वयंचलित गाडी तयार केली. दुसऱ्या महायुद्धात लाकडी पॅलेटवर माल रचून तो जहाजांत चढविण्याची पद्धत रूढ झाली आणि फोर्कलिफ्टचा प्रसार झपाट्याने झाला. भारतात विक्रोळीच्या गोदरेजने आणि व्होल्टासने ही यंत्रे घडविली. व्होल्टासचा हा व्यवसाय २०११ मध्ये जर्मनीच्या कियॉन समूहाबरोबरच्या भागीदारीत गेला.

फोर्कलिफ्ट मोटारीसारखी दिसली तरी ती मोटारीसारखी चालत नाही. तिची वळणारी चाके मागे असतात. त्यामुळे वळताना पुढचा भाग जागच्या जागी फिरतो आणि मागचा भाग बाहेर झोकांडी घेतो. मागे उभ्या असलेल्या माणसाला हा झोल नेमका चुकवितो. दुसरी गोष्ट तोलाची. पुढची दोन चाके आणि मागच्या आसाचा मध्यबिंदू यांना जोडणारा एक त्रिकोण कल्पिला, तर यंत्र आणि माल यांचा एकत्रित गुरुत्वमध्य त्या त्रिकोणाच्या आत असेपर्यंत यंत्र उभे राहते. तो पुढे सरकला की मागची चाके उचलली जातात. तो बाजूला गेला की यंत्र आडवे होते. माल उंच उचलून वळण घेणे यामुळेच घातक ठरते.

क्षमतेच्या पाटीचा अर्थही पुष्कळदा चुकीचा घेतला जातो. दोन टनांची फोर्कलिफ्ट कोणताही दोन टन माल उचलते, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात या वर्गातील यंत्रांची क्षमता सामान्यतः फोर्कच्या उभ्या पृष्ठापासून ५०० मिलिमीटर अंतरावर मालाचा मध्य असेल, असे धरून दिलेली असते. समजा, पुढच्या आसापासून फोर्कच्या पृष्ठापर्यंतचे अंतर ४०० मिलिमीटर आहे. मग २,००० किलोग्रॅमचा भार ९०० मिलिमीटरच्या तरफेवर काम करतो. खोका लांबट असल्याने मालाचा मध्य ७०० मिलिमीटरवर गेला, तर तरफ १,१०० मिलिमीटरची होते आणि तोच तोल राखण्यासाठी भार सुमारे १,६३६ किलोग्रॅमपर्यंतच चालतो. उंची वाढली किंवा फोर्कला एखादे जोडसाधन लावले, तर तो आणखी घटतो. हे उदाहरण समजुतीपुरते आहे. प्रत्यक्ष आकडा निर्मात्याच्या पाटीवरूनच घ्यावा लागतो आणि पाटी पुसट झाली असेल, तर ती बदलून घेईपर्यंत यंत्र वापरू नये.

काही गोदामांत माल जड झाला की मागच्या प्रतिभारावर दोन-तीन कामगारांना बसविण्याची रीत आहे. यंत्राची मागची बाजू खाली बसते आणि काम होते, हे खरे. परंतु त्या क्षणी फोर्क, साखळ्या आणि पुढचा आस यांवर निर्मात्याने कधीच न धरलेला ताण येतो आणि मागे बसलेली माणसे चाकांच्या अगदी जवळ असतात. असे करण्यास सांगणाऱ्या पर्यवेक्षकाला यंत्राचा तोल कळत नाही, असेच म्हणावे लागेल.

अपघात कशाने होतात

अमेरिकेच्या व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संशोधन संस्थेने १९८० ते १९९४ या काळातील फोर्कलिफ्टशी संबंधित १,०२१ मृत्यूंचा अभ्यास केला. त्यांपैकी २२ टक्के मृत्यू यंत्र उलटल्याने झाले. पायी चालणाऱ्या कामगाराला यंत्राची धडक बसून झालेले मृत्यू २० टक्के होते. यंत्राखाली किंवा यंत्रामुळे चिरडून १६ टक्के आणि यंत्रावरून पडून ९ टक्के मृत्यू झाले. आकडे जुने आणि परदेशी असले, तरी त्यांतून निघणारा क्रम आपल्याकडील कारखान्यांनाही उपयोगी आहे. मरणाऱ्यांत फोर्कलिफ्टशी थेट काहीही संबंध नसलेला, केवळ जवळून जाणारा कामगार मोठ्या संख्येने असतो.

महाराष्ट्रात ही बाब विशेष महत्त्वाची आहे. येथील बाजार समित्या, गोदामे आणि वखारींत माथाडी कामगारांची मोठी संख्या आहे आणि त्यांच्यासाठी १९६९ चा स्वतंत्र कायदा आहे. एकाच फलाटावर पाठीवर पोते घेतलेला माथाडी आणि उलट दिशेने येणारी फोर्कलिफ्ट असे दृश्य रोजचेच आहे. पोत्यामुळे माथाड्याची मान वाकलेली असते आणि समोरच्या मालामुळे चालकाची दृष्टी अडलेली असते. दोघांचे मार्ग जमिनीवर रंगाने वेगळे केलेले असावेत आणि शक्य तेथे मध्ये कठडा असावा, हा उपाय यंत्रातील कोणत्याही सुधारणेपेक्षा स्वस्त आहे.

पाळी सुरू होण्यापूर्वीची तपासणी

अमेरिकेच्या नियमांनुसार यंत्र वापरात घेण्यापूर्वी त्याची दररोज तपासणी झाली पाहिजे आणि काम अहोरात्र चालत असेल, तर प्रत्येक पाळीनंतर. भारतातही भारतीय मानक ब्युरोने शक्तिचालित औद्योगिक गाड्यांसाठी आयएस ६३०५ ही सुरक्षा संहिता दिलेली आहे आणि तोलाच्या चाचण्यांसाठी आयएस ४३५७ हे मानक आहे. दैनंदिन तपासणी चालकानेच करावी, कारण यंत्राच्या आवाजात आणि चालीत काल-आज काय फरक पडला, हे त्याच्याइतके कोणालाच कळत नाही.

इंजिन सुरू करण्यापूर्वी यंत्राभोवती एक फेरी मारावी. रात्री उभ्या असलेल्या यंत्राखाली तेलाचा डाग दिसला, तर तो ब्रेकचा, हायड्रॉलिकचा की इंजिनाचा, हे आधी ठरवावे. टायरला पडलेल्या चिरा, निघालेले तुकडे, सैल झालेल्या चाकाच्या नटा, चालकाच्या डोक्यावरील जाळीला आलेला बाक, सीटचा पट्टा, आरसे आणि क्षमतेची पाटी पाहावी. बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रात तारांची आवरणे आणि पाण्याची पातळी तपासावी. शिसे-आम्ल बॅटरी भारित होताना हायड्रोजन वायू बाहेर पडतो आणि हवेत त्याचे प्रमाण चार टक्क्यांवर गेले की ठिणगीने स्फोट होऊ शकतो. म्हणून चार्जिंगची जागा हवेशीर असावी आणि तेथे विडी-सिगारेटला मज्जाव असावा. डिझेल यंत्राची बाब वेगळी. बंद गोदामात किंवा कंटेनरच्या पोटात ते चालविले, तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. डोके दुखू लागल्याची तक्रार कामगार करतात, तेव्हा ती आळसाची समजली जाते, हे दुर्दैव आहे.

फोर्ककडे अधिक लक्ष द्यावे लागते. उभा आणि आडवा भाग जेथे मिळतो, त्या टाचेपाशी सर्वाधिक ताण येतो आणि भेग तेथेच पडते. जमिनीवर घासूनही हाच भाग झिजतो. जाडी मूळ मापाच्या दहा टक्क्यांनी कमी झाली की फोर्क बाद करावा, असा आंतरराष्ट्रीय मानकाचा दंडक आहे. दहा टक्के ही झीज क्षुल्लक वाटते. परंतु वाकण्यास विरोध करण्याची पोलादी पट्टीची ताकद जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. चाळीस मिलिमीटरचा फोर्क छत्तीसवर आला, तर ०.९ चा वर्ग ०.८१, म्हणजे ताकद सुमारे १९ टक्क्यांनी घटते. दोन टनांच्या यंत्राची सुरक्षिततेसाठी राखलेली पुंजी अशी नकळत खर्ची पडते. तडा गेलेल्या फोर्कला नाक्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून डाग देऊन घेणे तर सर्वथा अयोग्य आहे. उष्णतेने पोलादाचे गुणधर्म बदलतात आणि जोडाच्या शेजारीच तो पुन्हा तुटतो.

मास्टच्या दोन्ही साखळ्या सारख्याच ताणलेल्या असाव्यात. ठरावीक कड्यांची लांबी मोजून ती मूळ लांबीपेक्षा तीन टक्क्यांनी वाढलेली आढळली, तर साखळी बदलतात आणि तीही जोडीने. साखळी तपासताना मास्टच्या आत बोटे घालू नयेत, हे सांगण्याची गरज नसावी, पण तसे अपघात होतात.

यानंतर यंत्र सुरू करून मोकळ्या जागेत पायब्रेक आणि हँडब्रेक, स्टिअरिंगमधील ढिलाई, हॉर्न, रिव्हर्सचा भोंगा आणि दिवे तपासावेत. फोर्क पूर्ण उंचीवर नेऊन खाली आणावेत आणि मास्ट पुढे-मागे झुकवावा. भार उचलून लिव्हर सोडल्यानंतर तो आपोआप खाली सरकत असेल, तर सिलिंडरची सीले किंवा व्हॉल्व्ह गळत आहेत.

या सर्व बाबींची नोंद करणारा तक्ता प्रत्येक मोठ्या कारखान्यात असतो. त्याचा खरा कस एका गोष्टीत आहे. महिन्याचे तीस रकाने एकाच शाईने, एकाच झटक्यात भरलेले दिसले आणि त्यांत एकही दोष नोंदलेला नसला, तर तपासणी झालेली नाही, असे अनुभवी निरीक्षक मानतात. वापरातले यंत्र महिनाभर पूर्णपणे निर्दोष राहत नाही. दोष आढळल्यास किल्ली काढून पर्यवेक्षकाकडे देण्याचा अधिकार चालकास लेखी दिलेला असावा. ट्रक बाहेर उभा आहे, माल आजच गेला पाहिजे, या तगाद्यापुढे तोंडी अधिकार टिकत नाही. कंत्राटी चालकाच्या बाबतीत तर मुळीच नाही.

सक्षम व्यक्तीकडून होणारी तपासणी

दैनंदिन पाहणी पुरेशी नसते. कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २९ अन्वये उचल यंत्रे, साखळ्या आणि दोर यांची बारा महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून सखोल तपासणी करून तिची नोंद ठेवणे बंधनकारक करण्यात आले होते. त्या कलमातील व्याख्येत क्रेन, विंच, पुली ब्लॉक आदींची नावे आहेत, फोर्कलिफ्टचे नाव नाही. हे कलम १९४८ चे आहे, हे लक्षात घेता त्यात नवल नाही. व्यवहारात मात्र जबाबदार कारखाने आपल्या फोर्कलिफ्टची वार्षिक तपासणी याच पद्धतीने करून घेतात. बंदरांसाठी १९८६ चा गोदी कामगार सुरक्षा कायदा आणि त्याखालील १९९० चे विनियम आले. त्यांत उचल साधनांची वापरापूर्वी आणि पुढे दर पाच वर्षांनी भार ठेवून चाचणी आणि दर बारा महिन्यांनी सखोल तपासणी सांगितलेली आहे.

व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि हे दोन्ही कायदे तिच्यात सामावले गेले. जुन्या कायद्यांखालील नियम संहितेशी विसंगत नसतील तेथवर, नवे नियम येईपर्यंत, चालू राहण्याची तरतूद तिच्यात आहे. निरीक्षकाला आता निरीक्षक-तथा-सुविधाकर्ता असे म्हटले जाते. वीज वापरणाऱ्या कारखान्याच्या व्याख्येसाठी कामगारांची किमान संख्या दहावरून वीस करण्यात आली. फोर्कलिफ्ट वापरणाऱ्या लहान वर्कशॉपांपैकी काही त्यामुळे कारखान्याच्या व्याख्येबाहेर जातात. यंत्राचे वजन आणि धोका मात्र कामगारांच्या संख्येनुसार कमी होत नाही.

महाराष्ट्रात कारखान्यांवर देखरेख औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय करते. बाष्पकांसाठी येथे वेगळे संचालनालय आहे. राजस्थानात कारखाने आणि बाष्पके यांचे निरीक्षण एकाच विभागाकडे आहे. जयपूरचे उदाहरण घेतले, तर बनी पार्क ही रेल्वे स्थानकाजवळची मुख्यतः निवासी वस्ती आहे. पण त्याच शहरातील विश्वकर्मा आणि सीतापुरा औद्योगिक क्षेत्रांत आणि कनकपुरा येथील कंटेनर आगारात फोर्कलिफ्टचे काम चालते. राजस्थानात संगमरवर आणि ग्रॅनाइटच्या लाद्या हलविणे हे नेहमीचे काम. लादी उभी नेली की ती डोलते आणि तोलाचे वर दिलेले गणित क्षणाक्षणाला बदलते. तेथून महाराष्ट्रात आलेल्या चालकाला येथील पॅलेटचे काम सोपे वाटते. इकडून तिकडे गेलेल्याला मात्र पुन्हा शिकावे लागते.

चालकाची परीक्षा

फोर्कलिफ्ट चालविण्यास मोटारीचा परवाना पुरेसा आहे, असे अनेक मालक समजतात. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील मोटार वाहनाच्या व्याख्येतून केवळ कारखान्यात किंवा बंदिस्त आवारात वापरण्यासाठी तयार केलेली विशेष वाहने वगळलेली आहेत. दुसरीकडे केंद्रीय मोटार वाहन नियमांतील बांधकाम यंत्रवाहनांच्या व्याख्येत फोर्कलिफ्टचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे फाटकाच्या आत एक स्थिती आणि सार्वजनिक रस्त्यावर दुसरी. रस्ता ओलांडून समोरच्या गोदामात माल नेणाऱ्या उद्योगांनी हा भेद ध्यानात ठेवावा. अपघात झाल्यावर विमा कंपनी पहिला प्रश्न हाच विचारते. मोटारीचा परवाना असला, तरी त्यावरून माल उचलण्याचे कौशल्य सिद्ध होत नाही.

अमेरिकेने चालकांच्या प्रशिक्षणाचा सविस्तर नियम १९९८ मध्ये केला. त्यानुसार वर्गातील शिक्षण, प्रत्यक्ष सराव आणि कामाच्या जागी मूल्यमापन असे तीन भाग आहेत आणि चालकाच्या कामगिरीचे किमान दर तीन वर्षांनी पुनर्मूल्यमापन करावे लागते. अपघात झाला, थोडक्यात टळला, चालक बेफिकिरीने चालविताना आढळला, त्याला वेगळ्या प्रकारचे यंत्र दिले किंवा कामाची जागा बदलली, तर तीन वर्षे न थांबता पुन्हा प्रशिक्षण द्यावयाचे असते. भारतात लॉजिस्टिक्स क्षेत्र कौशल्य परिषदेने या कामासाठी अभ्यासक्रम दिलेले आहेत. नवी मुंबईत मुख्यालय असलेली राष्ट्रीय सुरक्षा परिषद आणि मुंबईत शीव येथील केंद्रीय कामगार संस्था औद्योगिक सुरक्षेचे प्रशिक्षण देतात. परिषदेची स्थापना ४ मार्च १९६६ रोजी झाली आणि तोच दिवस राष्ट्रीय सुरक्षा दिन म्हणून पाळला जातो.

प्रत्यक्ष परीक्षा कशी घ्यावी, याविषयी थोडे विस्ताराने सांगणे आवश्यक आहे. मोकळ्या पटांगणात शंकू मांडून त्यांमधून यंत्र काढणे हा परीक्षेचा सोपा भाग झाला. चलाख तरुण तो दोन दिवसांत शिकतो. जाणकार परीक्षक चाकांपेक्षा चालकाच्या मानेकडे पाहतो. रिव्हर्स घेण्यापूर्वी तो दोन्ही खांद्यांवरून मागे वळून पाहतो की केवळ आरशावर विसंबतो? माल उचलण्यापूर्वी तो पाटी वाचतो की अंदाजाने जातो? फोर्क पॅलेटमध्ये पूर्ण आत गेले आहेत, हे तो उतरून पाहतो काय? माल समोरची दृष्टी अडवीत असेल, तर तो आपणहून रिव्हर्समध्ये चालवितो काय? या सवयी दोन दिवसांत येत नाहीत.

उतारावरील परीक्षा वगळू नये. भरलेले यंत्र चढताना माल पुढे असावा आणि उतरताना यंत्र मागे चालवावे, म्हणजे दोन्ही वेळा माल चढाच्या बाजूस राहतो. रिकाम्या यंत्रात फोर्क उताराच्या बाजूस ठेवतात. उतारावर वळण्यास सक्त मनाई आहे. फोर्क जमिनीपासून सुमारे पंधरा ते वीस सेंटिमीटर उंच आणि मास्ट मागे झुकविलेला, अशा स्थितीत यंत्र चालवावे. ताशी दहा किलोमीटर हा वेग कमी वाटतो. पण त्या वेगाने यंत्र सेकंदाला सुमारे २.८ मीटर जाते. चालकाला धोका कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरला, तरी तेवढ्यात एखादा माणूस रस्ता अर्धा ओलांडून येतो.

परीक्षकाने तोंडी विचारावा, असा एक प्रश्न आहे : यंत्र उलटू लागले, तर काय कराल? उडी मारू, असे उत्तर बहुतेक नवे चालक देतात. ते जीवघेणे आहे. उडी मारणारा ज्या बाजूस पडतो, त्याच बाजूस डोक्यावरील जाळी येऊन आदळते. बसून चालविण्याच्या यंत्रात पट्टा बांधलेला ठेवावा, स्टिअरिंग घट्ट धरावे, पाय रोवावेत आणि यंत्र पडत असलेल्या बाजूच्या विरुद्ध झुकावे. उन्हाळ्यात चाळीस अंशांवर पट्टा बांधणे त्रासदायक होते आणि दर दोन मिनिटांनी उतरावे लागणारा चालक तो सोडून ठेवतो. तरीही पट्ट्याविषयी तडजोड करता येणार नाही.

परीक्षेत नापास करण्यास पुरेशा ठरणाऱ्या काही चुका आधीच सांगून ठेवाव्यात. उचललेल्या फोर्कखालून कोणाला जाऊ देणे, फोर्कवर किंवा सुट्या पॅलेटवर माणूस उभा करून बल्ब बदलण्यासारखे काम करणे, फोर्क वर ठेवून आणि किल्ली यंत्रातच सोडून निघून जाणे, या त्यांपैकी होत. गुणांची बेरीज चांगली आहे म्हणून यांकडे दुर्लक्ष करू नये. दृष्टी आणि श्रवणशक्तीची तपासणी परीक्षेपूर्वीच व्हावी. नव्या संहितेनुसार चाळिशीपुढील कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी करावयाची आहे. चालकांच्या बाबतीत तिचा अहवाल पर्यवेक्षकाच्या नोंदीशी जोडून पाहता येईल.

चालक आणि यंत्र यांची नोंद एकत्र ठेवणे सोयीचे असते. बॅटरीवरील यंत्रासाठी मिळालेले प्रमाणपत्र दाखवून डिझेलच्या मोठ्या यंत्रावर चालकाला बसविले जाते. उभे राहून चालविण्याच्या यंत्राचा सराव असलेल्याला बसून चालविण्याचे यंत्र दिले जाते. बॅटरीचे वजन हा काही यंत्रांत प्रतिभाराचाच भाग असतो. अलीकडे शिसे-आम्ल बॅटरी काढून हलकी लिथियम बॅटरी बसविली जाते, तेव्हा निर्मात्याने सांगितलेले जादा वजन घातले नाही, तर तेच यंत्र आणि तोच चालक असूनही तोल बदललेला असतो. म्हणून अशा बदलानंतर क्षमतेची पाटी नव्याने लावून घ्यावी, सक्षम व्यक्तीकडून यंत्राची पुन्हा तपासणी करावी आणि त्या यंत्रावरील प्रत्येक चालकाचे मूल्यमापन भारासह नव्याने करून त्याच्या कार्डावर यंत्राचा प्रकार, तारीख आणि परीक्षकाची सही नोंदवावी.